दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं

कुणाला विजेची भीती वाटते, कुणाला कुत्र्याची, कुणाला साहेबाची. मला गेली चाळीस वर्षं एका लाल बटणाची भीती वाटत आली आहे. टेपरेकॉर्डरवर 'प्ले'च्या शेजारी ते असायचं. दोन्ही बटणं एकदम दाबली की रेकॉर्डिंग सुरू. पट्टीवर आधी जे काही असेल ते पुसलं जायचं आणि त्या जागी नवं उमटायचं. यंत्र काही विचारायचं नाही. आताचा कॉम्प्युटर दोनदा विचारतो, 'नक्की ना?', तरी माझं बोट अडखळतं. बायको म्हणते, गॅस पेटवताना तुमचा हात असा थरथरत नाही. गॅसने फक्त भाजतं, हे तिला कसं सांगू.

माझा धंदा कॅसेटी भरून देण्याचा. ज्यांचा जन्म मोबाइलनंतरचा आहे, त्यांच्यासाठी थोडं सांगतो. गिरगावात अण्णांचं दुकान होतं. अण्णा राहायला फणसवाडीत, आणि त्यांच्याकडे भिंतभर रेकॉर्डी. गिऱ्हाईक वहीच्या कागदावर बारा गाण्यांची यादी लिहून आणायचं, आम्ही ती बारा गाणी त्याच क्रमाने कोऱ्या कॅसेटवर भरून द्यायचो. किंवा कुणी आपली कॅसेट आणायचं आणि तिची नक्कल मागायचं. टेबलावर दोन डेक. डावा वाजवणारा, उजवा भरणारा. मी चिंचपोकळीहून यायचो, चोविसाव्या वर्षी कामाला लागलो आणि दुकान बंद होईपर्यंत राहिलो. आता तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात. मी घरीच, चाळीतल्या खोलीत, ते दोन्ही डेक आणि मुलाने दिलेला कॉम्प्युटर घेऊन बसतो आणि लोकांच्या जुन्या कॅसेटी पेन ड्राइव्हवर काढून देतो.

अण्णांचा एकच नियम होता. दुसऱ्याची कॅसेट हातात आली की आधी तिचे कान तोडायचे. कॅसेटच्या मागच्या कडेला प्लास्टिकच्या दोन बारीक पट्ट्या असतात. त्या स्क्रू-ड्रायव्हरने मोडल्या की लाल बटण दाबलंच जात नाही. "दत्ताराम," अण्णा म्हणायचे, "साक्षात सरस्वतीने कॅसेट आणून दिली तरी आधी कान तोड, मग नमस्कार कर." पण लोक वस्ताद. कंपनीच्या कान तोडलेल्या कॅसेटीवरसुद्धा त्या भोकांवर चिकटपट्टी लावून आपलं काहीबाही भरायचे. अशी कॅसेट आली तर आधी चिकटपट्टी काढायची, हा त्याच नियमाचा दुसरा भाग.

आणखी एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण पुढे ती लागणार आहे. कॅसेटला दोन बाजू असतात, पण आत पट्टी एकच. तिच्या एका काठाने एक बाजू जाते, दुसऱ्या काठाने दुसरी, उलट दिशेने. त्यामुळे पहिली बाजू जिथे संपते, बरोबर त्याच तुकड्यावर दुसरी सुरू होते. पट्टी कुठेही कापा, दोन्ही बाजूंचं काहीतरी जाणारच.

गिऱ्हाइकं एकेक नमुना असायची. एक गृहस्थ नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर दोन्ही बाजूंना एकच गाणं भरून न्यायचे. कुठलंसं विरहाचं भावगीत. काउंटरवर उभं राहून ते किती वेळा भरलंय ते मोजायचे. परवाच एक बाई आल्या. चाळीस वर्षांपूर्वी रेडिओवरून उतरवून घेतलेलं एक गाणं होतं. मी दोन दिवस खपून त्यातली खरखर काढली, मध्ये एक कर्कश शिट्टी होती तीही काढली. बाईंनी ते शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाल्या, "शिट्टी कुठाय? माझ्या पहिल्या कुकरची होती ती. गाणं काय, कुठेही मिळतं हो." नशीब, मूळ कॅसेट शाबूत होती. मी शिट्टी परत घातली, पण त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. आपण काय पुसतोय ते आपल्याला कधीच माहीत नसतं, या भीतीने मी आतून पोखरला गेलो आहे. आणि त्याचं कारण त्या बाई नव्हेत. त्याचं कारण काशिरामदादा.

अण्णांना भावगीतं प्रिय. तंबोऱ्याशेजारी मांडी घालून गायलेलं ते गाणं, बाकीचा गोंगाट, असं त्यांचं मत. माझे आवडते गाणारे मात्र असे, की ज्यांची रेकॉर्ड कुठल्याच कंपनीने काढली नाही. भजनाच्या डबलबारीचे बुवा, ऑर्केस्ट्रात बायकांच्या आवाजात गाणारा एक कंपाउंडर, शाहिरी पार्ट्यांतले कोरसवाले. या सगळ्यांत माझ्यासाठी पहिले काशिरामदादा. ते लोअर परळच्या एका मिलमध्ये साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते. आमचं बिऱ्हाड तेव्हा त्याच बाजूला होतं. आमच्या चाळीत सगळी कोकणातली हिंदू कुटुंबं, शेजारच्या चाळीत बौद्ध कुटुंबं, मध्ये एक भिंत. एप्रिलमध्ये जयंतीला भिंतीपलीकडे मांडव पडायचा आणि काशिरामदादांची पार्टी गायची. बुलबुल, ढोलकी, पेटी आणि पाच जणांचा कोरस. वडील म्हणायचे, गॅलरीतून ऐका, तिकडे जायचं काम नाही. आम्ही गॅलरीतून ऐकायचो. साच्यांच्या आवाजावर मात करायची सवय असलेला तो गळा, त्याला माइकची गरजच नव्हती. वरच्या पट्टीत जाताना ते एक हात कानावर ठेवायचे आणि आमची आई हातातलं काम टाकून उभी राहायची. भिंत ओलांडून मी पहिल्यांदा गेलो तो सतराव्या वर्षी, आणि दादांनी मला बाजूला सरकून सतरंजीवर जागा दिली. पुढे आम्ही चिंचपोकळीला राहायला गेलो, तरी जयंतीला मी तिथेच असायचो. एकच जयंती चुकली, गावी लग्न होतं म्हणून. नेमकी तीच त्यांच्या गाण्याची शेवटची ठरली.

त्या कार्यक्रमानंतर दोन महिन्यांनी त्यांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. पावसाळा सरल्यावर ते गिरगावात दुकानात आले, गळ्याला मफलर. बोलायचे ते नुसत्या श्वासाने. काउंटरवर वाकावं लागायचं.

"दत्ता, ही एकच हाय," ते म्हणाले. "रमेशनं भरलेली."

रमेश त्यांचा भाचा. दुबईला कामाला. सुट्टीत टू-इन-वन घेऊन आला होता, त्यावर त्याने तो कार्यक्रम भरला आणि चार दिवसांनी यंत्रासकट परत गेला. दादांच्या घरी टेप नव्हता. म्हणजे कॅसेट अजून कुणीच ऐकलेली नव्हती. कोरसच्या पाच जणांसाठी त्यांना पाच नकला हव्या होत्या. कुठलीशी जुनी सिनेमाची कॅसेट होती, लेबल खरवडलेलं, मागच्या भोकांवर चिकटपट्टी.

चिकटपट्टी मला दिसली. मला ऐकायची इतकी घाई झाली होती की म्हटलं, काढू मग. अण्णा जेवायला घरी गेले होते. डावा डेक दुसऱ्या कॅसेटने अडलेला होता म्हणून दादांची कॅसेट उजव्या डेकमध्ये घातली आणि मागे गुंडाळली. लेबल खरवडलेलं असल्यामुळे बाजू कुठली ते कळेना, लागली ती घेतली. एवढ्यात ते विरहाचे गृहस्थ आले. गेल्या वेळी गाणं एकदा कमी भरलं म्हणून भांडायला लागले. त्यांच्याशी बोलता बोलता मी डावीकडची कॅसेट काढली, कोरी त्या जागी सरकवली आणि डावीकडे प्ले, उजवीकडे प्ले आणि लाल बटण, अशी बोटं सवयीने दाबून मोकळा झालो.

ते गेल्यावर डेककडे बघितलं. आवाज दाखवणाऱ्या दोन्ही सुया आडव्या पडलेल्या. आधी वाटलं, सुरुवातीला कोरी जागा असेल. मग हेडफोन कानाला लावला. काहीच नाही. मग उजव्या खिडकीत ते खरवडलेलं लेबल दिसलं. भरणाऱ्या डेकमध्ये दादांची कॅसेट फिरत होती, आणि लाल बटण खाली होतं.  बटण बंद केलं तोवर जवळजवळ चार मिनिटं गेली होती. पुढे वाजवून पाहिलं, तर टाळ्या, आणि मग दुसरं गाणं सुरू.

दादांना गाठून सांगावं, असं एकदाही मनात आलं नाही, हे आज लिहून ठेवतो. मनात एवढंच आलं की चार मिनिटांची ही शांतता ज्याला थोडंफार कळतं तो ओळखेल. मी ब्लेड घेतलं आणि सुरुवातीपासून टाळ्यांपर्यंतचा सगळा तुकडा कापून काढला. टेप सेकंदाला जेमतेम दोन इंच सरकते, त्या हिशेबाने चाळीसेक फुटांचा. उरलेली पट्टी जोडपट्टीने मूळ टोकाला जोडली. आता बाजू टाळ्यांपासूनच सुरू होत होती. तो तुकडा दुसऱ्या बाजूचा शेवटही घेऊन गेला, हे ब्लेड फिरल्यावर लक्षात आलं. तिकडचं शेवटचं गाणं अर्ध्यावर तुटलं होतं. पण तिथे टेप संपली असं कुणालाही वाटलं असतं. मी पाच नकला भरल्या. कापलेला तुकडा टाकवेना. एका रिकाम्या कॅसेटच्या चक्रीवर गुंडाळला आणि खिशात घातला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी उजव्या डेकवर लाल कागदाची पट्टी चिकटवली होती. ब्लेड आणि जोडपट्टी टेबलावरच राहिली होती, ती त्यांनी पाहिली असावी. 

नकला घेऊन गेलेले दादा एका कोरसवाल्याच्या घरी ऐकून आठवड्याने परत आले. "दुसऱ्या बाजूचं पयलं गाणं नाय," ते श्वासाने म्हणाले. "सुजाताचं गाणं."

सुजाता त्यांची मुलगी. आदल्या वर्षी दहावी झालेली, त्यांच्या घराण्यातली पहिली. तिच्यावर दादांनी गाणं बांधलं होतं आणि ते एकदाच, त्या जयंतीला गायलं होतं. मी म्हटलं, शब्द सांगा, लिहून घेऊ या. त्यांनी मान हलवली. "लिवलं कुठं हुतं? गळ्यातनं निघायचं तवा शब्द मागनं यायचे. आता गळा नाय, शब्द नाय."

 तरीही मी बोललो. "दादा, होतं तेवढं सगळं भरलं. रमेशने बाजू पलटून बटण उशिरा दाबलं असेल."

त्यांनी खरं मानलं. टेपमधलं मला कळतं, रमेशला नाही, हे त्यांना माहीत होतं ना.

त्यानंतर दादा नऊ वर्षं होते. मी त्यांच्या मयताला गेलो, मागे उभा राहिलो आणि लवकर निघालो. कुणी 'एकच आहे हो, सांभाळून' म्हणत कॅसेट पुढे केली की मी तिचे कान तीनतीनदा तपासायचो. गिऱ्हाइकांना वाटायचं, काय काळजी घेतो हा माणूस. माझं नाव झालं ते या भीतीवर. ती चक्री मी डब्यात ठेवली, डबा कपाटात ठेवला. तिच्यावर एका बाजूला माझी शांतता होती आणि दुसऱ्या काठावर त्या अर्ध्या तुटलेल्या गाण्याचा शेवट. तो पुसलेला नव्हता, ऐकता आला असता. चाळीस वर्षांत मी तो ऐकला नाही. ऐकला तर नेमकं काय कापलं ते कळेल, या भीतीने.

गेल्या महिन्यात दारात एक बाई आल्या. पालिकेच्या शाळेत मुख्याध्यापिका, डोळ्यांवर चष्मा, हातात पर्स. पर्समधून त्यांनी रुमालात गुंडाळलेली कॅसेट काढली. लेबल मी लगेच ओळखलं. बाईंना ओळखायला दोन क्षण लागले.

"बाबांची आहे," सुजाताताई म्हणाल्या. "विहारात त्यांची गाणी लावायची आहेत. पेन ड्राइव्हवर देता ना? सगळे सांगतात, दत्ताभाऊंकडे कॅसेट सुरक्षित राहते."

मी खुर्चीवर बसलो. त्या बोलत राहिल्या. "एक गाणं नाहीये यात. माझ्यावरचं. मी पुढेच बसले होते, पण लाजून आईच्या पदरात तोंड खुपसलं होतं, त्यामुळे एक ओळसुद्धा आठवत नाही. रमेशभाऊने बटण उशिरा दाबलं. आमच्याकडे त्याला अजून चिडवतात, लग्नाला उशिरा आला तरी 'बटण उशिरा दाबलं' म्हणतात. तो हसतो. पण बाबा गेले तेव्हा फार रडला होता त्यावरून." मग त्यांनी कॅसेट उजेडात धरली. "भाऊ, आतल्या टेपवर ही पांढरी चिकटपट्टी कसली हो?"

चाळीस वर्षं मी या प्रश्नाची वाट पाहत होतो. उत्तर तयार होतं. कंपनीचाच जोड असतो तो, ताई. जिभेवर आलं होतं. म्हणालो, "गुरुवारी या. रमेशभाऊंना घेऊन या."

ते तीन दिवस कसे गेले ते माझं मलाच ठाऊक. मी बायकोला सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "इतकी वर्षं माझ्या कपाटात ठेवलंत हे?" चक्री काढली. पट्टीवर पांढरी बुरशी होती. ती हाताने उलगडत, मऊ कापडाने पुसत गेलो, तर कापड तांबूस झालं. तो तांबूस रंग म्हणजेच आवाज. जुनी पट्टी डेकमध्ये घातली की तो भुग्यासारखा गळून पडतो. एकदा वाजेल, दुसऱ्यांदा वाजेलच असं नाही. म्हणून मी आधी ऐकून पाहिलं नाही. हे अर्धं खरं आहे. अर्ध्यात तीच जुनी भीती होती.

गुरुवारी दुपारी दोघं आली. रमेशभाऊ सदुसष्ट वर्षांचे, गुडघे दुखणारे, जिना चढून धापा टाकत होते. मी चहाही विचारला नाही. आधी सांगून टाकलं. चिकटपट्टी, लाल बटण, ब्लेड, आणि दादांना मी काय म्हणालो ते. शब्द न बदलता सांगितलं.

सुजाताताई खिडकीबाहेर बघत राहिल्या. बोलले ते रमेशभाऊ, आणि तेही माझ्याशी नाही, स्वतःशी बोलल्यासारखे. "मला आठवत होतं की मी हात वर केला होता. मामा थांबले होते, मी हात वर केला, मग ते गायला लागले. दुबईला पत्र आलं की गाणंच नाही. मी लिहिलं, सगळं भरलंय. मग सगळेच म्हणायला लागले तेव्हा मला वाटलं, साला मीच विसरलो असेन. नसेल केला हात वर." त्यांनी चष्मा काढून पुसला. "चाळीस वर्षं हसतोय मी या गोष्टीवर."

"मामा मला खोटा समजूनच गेले असतील," ते म्हणाले.

 माफी मी मागितली. ती घ्यायची की नाही याची घाई त्यांना नव्हती, आणि ते बरोबरच होतं.

"त्या तुकड्यावर काय आहे?" सुजाताताईंनी विचारलं. त्यांचा आवाज शाळेतला झाला होता.

"गाणं नाही. ते गेलं. दुसऱ्या काठावर पहिल्या बाजूचा शेवट असेल. मी ऐकलेला नाही. वाजवताना तुटू शकतो."

"लावा."

मी चक्री नव्या कॅसेटमध्ये बसवली. तिचे कान आधी तोडले. कॉम्प्युटरवर भरणं सुरू केलं आणि प्ले दाबलं. 

खरखर. मग कोरस, शेवटचं कडवं, ढोलकीची उठान, आणि त्या सगळ्यावरून दादांचा तो आवाज, धडधाकट, अख्खा. सुजाताताईंनी तोंडावर हात घेतला. गाणं संपलं. टाळ्या. कुणीतरी खोकलं. डेकमध्ये पट्टी कुरकुरत होती, मी जागेवरून हललो नाही. मग दादा बोलायला लागले, ऑपरेशनआधीचं त्यांचं ते मोकळं बोलणं.

"थांबा मंडळी. रमेश, तुजी टेप संपत आली आसंल. बाजू पलट. आता जे म्हननार ते माज्या सुजाताचं हाय, ते सुटता कामा नये. बाळा सुजाता, तोंड वर कर, लाजू नको. रमेश, पलटून झालं की हात वर कर. तू हात वर केल्याबिगर मी सुरू करनार नाय."

खट् असा आवाज झाला. पुढे नुसती सळसळ.

सुजाताताईंनी तोंड वर केलं होतं. आणि शेजारी रमेशभाऊंचा उजवा हात हळूहळू वर गेला. सदुसष्ट वर्षांचा तो माणूस माझ्या खोलीत हात वर करून बसला होता, डोळे डेककडे लावून. पट्टी फिरत होती. मी बंद करायला बोट पुढे केलं, पण ते बटणापर्यंत गेलं नाही. त्यांनी हात खाली घेतला नाही, आणि गाणं सुरू झालं नाही.